म्हसोबाची उंची

गांडूळ अडलं ते मंगळवारी सकाळी अकरा वाजता, स्टेशन रोडच्या खाली साडेचार मीटरवर. वरून रिक्षा, एसट्या आणि शाळेच्या गाड्या नेहमीसारख्या धावत होत्या. पोटाखाली काहीतरी खोळंबलंय, याचा रस्त्याला पत्ताही नव्हता.

खडकोली महानगरपालिकेच्या कागदांत त्याचं नाव ‘स्वयंवर्धी नलिका प्रणाली’ असं भारदस्त होतं. पण ज्या गावात महापौरांनाही टोपणनाव आहे, तिथे असलं नाव कोण उच्चारणार? उद्घाटनाच्या दिवशी चौकातला चहावाला म्हणाला, “हे तर गांडूळ हाय!” आणि ते गांडूळच झालं.

नाव काही अगदीच चुकीचं नव्हतं. गांडुळासारखंच ते माती खात पुढे सरकायचं आणि मागे काहीतरी सोडत जायचं. पुढचे पोलादी दात माती भरडायचे. पोटात त्या मातीत युरिया, कॅल्शियमचं द्रावण आणि एका जातीचे जिवाणू मिसळले जायचे. तो लगदा ते स्वतःभोवती गोल थापत जायचं. जिवाणू युरिया फोडत, त्यातून कार्बोनेट सुटे, ते कॅल्शियमला भेटलं की चुनखडी तयार होई आणि मातीचा कण न् कण एकमेकाला चिकटे. शिंपल्यातला प्राणी आपलं कवच जसं घडवतो, तसलाच हा प्रकार, फक्त तीस तासांत उरकणारा. गांडूळ पुढे निघून गेलं की मागे कमरेएवढ्या व्यासाचा दगडी पाइप राहायचा. पावसाचं पाणी वाहून न्यायला आयताच तयार. चर खणायचा नाही, रस्ता बंद करायचा नाही, धूळ नाही की ‘काम चालू आहे’च्या पाट्या नाहीत.

आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खात होतं. पूर्वी चर खणला की गाव गोळा व्हायचं. म्हातारे हात मागे बांधून काठावर तासन्‌तास उभे राहायचे. “अहो साहेब, उतार उलटा चाललाय तुमचा,” असं एखादी भाजीवालीसुद्धा जाता जाता सुनावून जायची. इंजिनिअर मंडळींच्या कपाळाला आठ्या पडायच्या, पण निम्म्या चुका अशाच पकडल्या जायच्या. आता चरच नाही, तर लोकांनी डोकावायचं कुठे? जमिनीखाली काय चाललंय ते फक्त आकड्यांना ठाऊक, आणि आकडे कपाटात.

शर्वरी लोखंडे ही पर्जन्यजल विभागातली कनिष्ठ अभियंता. वय एकोणतीस, राग नाकाच्या शेंड्यावर. तिच्या टॅबवर संदेश आला होता : ‘पातळीत विसंगती. निर्णय हवा.’

विसंगती साधी होती. हा पाइप स्टेशनपासून निघून, खालच्या आळीतलं तुंबणारं पाणी वाटेत घेऊन, रस्त्याखालून पलीकडच्या नाल्यात सोडायचा होता. नाल्याचं पाणी पुरात कुठवर चढतं तो आकडा नोंदवहीतून यंत्राला दिला होता. पाइपाचं तोंड त्या पातळीच्या वरच हवं, नाहीतर पाणी उलटं शिरणार. गांडूळ निघाल्यापासून स्वतःची उंची मिलिमीटरपर्यंत मोजत आलं होतं आणि नाल्याजवळच्या मातीतली ओलही त्याने चाखली होती. त्यावरून त्याचं म्हणणं असं की नाला वहीत लिहिलाय त्यापेक्षा चौसष्ट सेंटिमीटर वर आहे.

चौसष्ट सेंटिमीटर म्हणजे दोन फुटांहून जास्त. नाला फुगला की पाणी पाइपातून मागे फिरणार आणि खालच्या आळीतल्या एकशे चाळीस घरांत गटाराच्या जाळ्यांतून वर येणार. रस्ता उंच आहे म्हणून आजवर नाल्याचा पूर पलीकडेच अडायचा. हा पाइप त्याला आळीत यायला दारच उघडून देणार होता. आणि एकदा दगड झालेला पाइप उकरायचा म्हणजे अख्खा स्टेशन रोड फोडायचा.

शर्वरी त्याच आळीत राहायची. पण तिने आधी ते मनात आणलं नाही. आधी उपग्रहावरून उंची काढली. ती गांडुळाशी जुळली. मग ती कार्यकारी अभियंता सरनोबत साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

“सर, वहीतली पातळी चुकीची आहे.”

“वही चुकत नसते, लोखंडे. मोजणारे चुकतात.” साहेबांनी चष्मा काढून पुसला. “नाल्याची पातळी मोरीवरच्या बेंचमार्कवरून घेतलीय. ब्रिटिशांच्या काळातला उंचीच्या खुणेचा दगड आहे तो. उंची पाचशे एकसष्ट पॉइंट चाळीस. शासनमान्य.”

“उपग्रहाची आणि यंत्राची, दोन्ही मोजणी एकच सांगतायत.”

“सांगू देत. निविदेत काय लिहिलंय? ‘नोंदीतील बेंचमार्कनुसार.’ संपलं.”

“मग पाइप उजवीकडे वळवू. तीनशे मीटर पुढे नाला खाली उतरतो. तिथे सोडला की प्रश्नच नाही. जागा आपल्याच नकाशात पालिकेची आहे.”

साहेबांनी चष्मा परत घातला आणि तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने भर सभेत कुणाची तरी जात विचारली होती. पालिकेच्या त्या जागेवर गेली आठ वर्षं ‘सम्राट प्लाझा’चं तळघर उभं होतं. त्याखाली पाइप न्यायचा म्हणजे आधी मोजणी, आणि मोजणी म्हणजे हे तळघर कुणाच्या जागेत बांधलंय हे कागदावर येणार.

“उद्या संध्याकाळी पाचच्या आत यंत्राला ‘नोंदीनुसार पुढे’ म्हणायचं,” साहेब म्हणाले. “तीस तास एका जागी थांबलं तर त्याच्या पोटातला लगदा दगड होईल. मग जबाबदारी तुमची. माहीत आहे ना?”

शर्वरीला माहीत होतं. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण केबिनमध्ये तिने फक्त “हो सर” म्हटलं. या ‘हो सर’चा तिला नंतर जिन्यात भयंकर राग आला.

ती थेट मोरीवर गेली. मोरी म्हणजे नाल्यावरचा तो छोटा दगडी पूल, आणि त्याच्या कोपऱ्यात म्हसोबा. शेंदराने माखलेला गुडघ्याएवढा दगड, वर पत्र्याचं छप्पर, समोर वाळलेली फुलं. लहानपणापासून ती येता-जाता त्याला हात जोडत आली होती. आज तिने पहिल्यांदा त्याच्याकडे इंजिनिअरच्या नजरेनं पाहिलं. शेंदराच्या थराखाली बोटाने चाचपलं, तर एक आडवी खाच आणि तिला टेकलेला कोरीव बाण हाताला लागला.

बेंचमार्क होता तो. गावाने त्याचा देव केला होता.

तिला हसू आलं आणि लगेच गेलं. कारण दगड आज रस्त्याच्या पातळीवर होता. मोरीच्या जुन्या नकाशात मात्र तो कठड्याच्या पायाशी, बराच खाली दाखवला होता. देव काही आपणहून वर चढत नाही.

हणमंत लोखंडे, म्हणजे शर्वरीचे आबा, पालिकेच्या डांबर गँगचे मुकादम होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. शर्वरी घरी पोचली तेव्हा ते ओट्यावर बसून मटार सोलत होते. ओटा म्हणायचा तो सवयीने. पूर्वी या घरात दोन पायऱ्या चढून यायचं, आता आळीचा उतार उतरल्यावरही आणखी तीन उतरून यावं लागतं. रस्ता दर पाच वर्षांनी वर चढत गेला आणि आळी जागच्या जागी खड्ड्यात गेली.

“आबा, मोरीवरचा म्हसोबा कुणी हलवला?”

“कुनी न्हाई हलवला.” आबांनी शेंग सोलली. “उचलला.”

“कुणी उचलला?”

“म्या. एकवीस साली, सव्वीस साली आन् एकतीस साली.” स्वरात चक्क अभिमान होता. “दर टायमाला रस्त्यावर डांबर पडायचं. जुनं खरवडायचं न्हाई, वरनंच खडी आन् डांबर. मग देव बुडायला लागायचा. आंघूळ करून, नारळ फोडून, पोरांकडनं उचलून वर बसवायचो. एक टिपका उडू दिला न्हाई त्याच्या अंगावर.”

“आबा, तो देव नाहीये! बेंचमार्क आहे तो! सगळ्या गावाची उंची त्याच्यावरून मोजतात!”

“आसंल की.”

“असेल काय? तुम्ही दगड चौसष्ट सेंटिमीटर वर नेलात आणि वहीत उंची तीच राहिली! आता त्या आकड्यावर पाइप चाललाय. नाला आपल्या घरात येणार आहे, आबा. तुमच्या या घरात!”

आबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग तेही उसळले.

“मग काय देवावर डांबर वतू का? आँ? साहेब म्हनला टाका, आमी टाकलं. खरवडा म्हनायचं काम त्याचं व्हतं का माजं?”

“कुणाला सांगायचं तरी होतं!”

“मुकादमाचं कोन ऐकतं? तू तरी ऐकतीस का? दोन बुकं शिकलीस तर बापाला जाब इचारायला लागलीस!”

“उद्या माझ्याबरोबर चला. दगड होता तिथे खाली खणून दाखवू. जुनी जागा सापडली की पुरावा होईल.”

“म्हसोबाला कुदळ लावायची न्हाई. सांगून ठिवतो.”

“तुम्ही तीनदा हात लावलात ते चाललं!”

“म्या वर नेला त्याला! तू खाली गाडाया निगालीस!”

आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. ती असती तर मध्ये पडली असती. आता मध्ये पडायला कुणी नव्हतं, म्हणून दोघंही वाट्टेल ते बोलले. शर्वरी म्हणाली की या घराचा खड्डा तुम्हीच स्वतःच्या हातांनी केलात. आबांनी मटाराची पाटी तशीच सोडली आणि बाहेर निघून गेले. ती न जेवता झोपली.

सकाळी साडेसातला तिला जाग आली ती कुणाच्या तरी बोलण्याने. “जरा वर घे शेवंता, वर. आता धर.” बाहेर आबा आणि शेजारची शेवंतामावशी एक लांबलचक पारदर्शक नळी धरून उभे होते. नळीत पाणी. गवंडी भिंतीची पातळी काढतात ती ही नळी : दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर येतं, मग मधे घर असो, रस्ता असो वा डोंगर असो. आबांना उपग्रह कळत नव्हता आणि गांडुळावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण गवंड्याच्या नळीवर होता. पहाटे उजाडताच ते मोरीवर गेले होते. एकतीस सालच्या पुराची लाल रेघ पुलाच्या दगडावर अजून होती. तिथून टप्प्याटप्प्याने, नळी सरकवत, त्यांनी ती उंची घरापर्यंत आणली होती.

आबांनी आतल्या भिंतीवर कोळशाने रेघ मारली. मग रेघेला पाठ लावून उभे राहिले.

“छातीला लागतंय,” ते म्हणाले.

शेवंतामावशीने तोंडावर पदर घेतला. तिच्या घरात अंथरुणाला खिळलेली सासू होती, जमिनीवरच्या गादीवर.

आबांनी न्हाणीत जाऊन अंगावर दोन बादल्या गार पाणी घेतलं. ओल्या धोतरानिशीच पहार खांद्यावर टाकली. शर्वरीकडे बघितलं नाही. “नारळ घे एक,” एवढंच म्हणाले.

दहा वाजता मोरीवर पहार पडली, आणि खडकोलीच्या स्टेशन रोडवर, गांडूळ आल्यापासून तीन वर्षांत पहिल्यांदा, वाहतूक तुंबली.

लोक जमले ते आधी भांडायलाच. “ए मुकादम, डोकं फिरलं काय? म्हसोबाला हात लावतोस?” एकाने त्यांच्या हातातली पहार धरली. आबांनी ती हिसडली नाही. “चूक माजी हाय,” ते मोठ्याने म्हणाले. “म्या त्याला त्याच्या जाग्यावरनं उठीवला. आता मीच बसवनार. ज्याला शिव्या द्यायच्यात त्यानं मला द्याव्या, देवाला मधी आनू नका.” नारळ फुटला. त्यांच्या जुन्या गँगमधले दोघं, आता पोटं सुटलेले, गर्दीतून पुढे आले आणि दगडाला दोर लावू लागले.

खड्डा खोल होत गेला तसे लोक भांडायचे थांबले आणि डोकावू लागले. खड्ड्याच्या भिंतीत डांबराचे तीन काळे पट्टे स्वच्छ दिसत होते. प्रत्येकाखाली खडी, खडीखाली आधीचं डांबर. एका शाळामास्तरने वरूनच मोजायला सुरुवात केली. अडीचच्या सुमाराला पहार खणखणली. खाली घडीव दगडाचा चौथरा होता आणि त्याच्या मधोमध चौकोनी खाच. खाचेत अजून जुनं शिसं चिकटलेलं होतं.

म्हसोबा दोराने खाली उतरवला. तो त्या खाचेत पाचर बसावी तसा बसला. शर्वरीने पट्टी लावली. बाण वरच्या जागेवरून किती खाली आला ते मोजलं आणि आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडून सांगितला. चौसष्ट.

सरनोबत साहेब साडेतीनला आले. गाडी गर्दीत अडकल्याने शेवटचं अर्धं अंतर त्यांना चालत यावं लागलं होतं, आणि तो वैताग चेहऱ्यावर होता.

“कुणाच्या परवानगीने खणलं?”

“सर, खाच बघा. पुरावा आहे.”

“मी विचारतोय परवानगी कुणाची?”

खड्ड्यातून आबांचा आवाज आला. “साहेब, एकतीस साली तुमी इथंच उबे व्हता की. ह्या कडंला. दगड उचलला तवा पायातले बूट काढून नमस्कार केला व्हता तुमी.”

गर्दीतल्या माना साहेबांच्या बुटांकडे वळल्या. शर्वरी वळून साहेबांकडे बघत राहिली. तेव्हा ते या रस्त्याचे शाखा अभियंता होते. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही त्यांचीच होती. म्हणजे काल केबिनमध्ये ते चष्मा पुसत होते तेव्हाही त्यांना माहीत होतं. दगड हललाय, आकडा खोटा आहे, पाणी कुठे जाणार, सगळं माहीत होतं. आणि तरीही वही चुकत नसते म्हणाले होते.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली. ‘सर’ लावलं नाही.

साहेबांनी तिला दंडाला धरून मोरीच्या पलीकडे नेलं. “हे बघा लोखंडे. मी आकडा बदलतो. यंत्र वळवायची परवानगी आत्ता देतो. प्लाझाचं काय व्हायचं ते होवो, एवढ्या लोकांसमोर आता मागे फिरता येत नाही. पण दुरुस्तीला कारण लागतं. शासकीय चिन्ह कुणी हलवलं हे लिहावं लागतं.” त्यांनी तिचाच टॅब घेऊन दुरुस्तीच्या दाखल्यात चार ओळी टंकल्या आणि तिच्यापुढे धरल्या.

‘सेवानिवृत्त मुकादम हणमंत लोखंडे यांनी शासकीय बेंचमार्क हेतुपुरस्सर व वारंवार हलवल्यामुळे नोंदीत चूक झाली. सदर इसमावर गुन्हा दाखल करण्यात यावा.’

“हेतुपुरस्सर?” शर्वरीचा आवाज चढला. “ज्यांनी डांबरावर डांबर घातलं त्यांचं काय? ज्यांनी बघून सह्या केल्या त्यांचं?”

“ते यात येत नाही.”

“मी लिहिणार नाही हे.”

“नका लिहू.” साहेबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. “चार वाजून पाच मिनिटं. पाचला लगदा दगड होईल, त्याआधी मी ‘नोंदीनुसार पुढे’ दाबीन. मग ना वळवता येईल, ना मागे घेता येईल. रस्ता फोडायचा म्हटलं तर मंजुरीला पावसाळा संपेल. याखाली तुमच्या वडिलांची सही आणा, मी माझी करतो.”

तिला त्या क्षणी तो टॅब त्यांच्या तोंडावर फेकावासा वाटला. तिने तो घट्ट धरून ठेवला, कारण एकशे चाळीस घरं त्या काचेमागे होती. ती खड्ड्याकाठी आली. आबा घामाने न् शेंदराने लाल झाले होते.

“काय लिवलंय त्येनी?”

“काही नाही. तुम्ही वर या. आपण वकील करू, पेपरात देऊ, मी...”

“वाच.”

तिने वाचलं. पहिली ओळ नीट वाचली. ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द ती थुंकल्यासारखा बोलली. ‘गुन्हा’ला तिला रडू आलं आणि स्वतःच्या रडण्याचाही तिला संताप आला. काठावरचे लोक चुळबुळले. गँगमधला एक जण म्हणाला, “मुकादम, सही करू नगा, आमी बी उचललाय दगड.” आबांनी हाताने त्याला गप्प केलं.

“म्हसोबाची उंची लिवलीया का त्यात?”

“कसली उंची?”

“वर व्हता तवाची. खरी.”

तिने बोटाने पान खाली सरकवलं. “लिहिलीय. नोंदीत पाचशे एकसष्ट पॉइंट चाळीस, प्रत्यक्षात पाचशे बासष्ट पॉइंट शून्य चार. नाल्याची पातळी त्यानुसार दुरुस्त.”

“बरूबर हाय?”

“बरोबर आहे.”

“मग दे हिकडं.”

“आबा, तुम्हाला पोलीस नेतील!”

“नेऊ देत. वाळलेल्या घरातनं नेतील.” त्यांनी शेंदराचे हात धोतराला पुसले, खड्ड्यातच उकिडवे बसले आणि हजेरीच्या वहीत तीस वर्षं करत आले तशी ठसठशीत, पूर्ण नावाची सही केली.

साहेबांनी त्याखाली आपल्या सहीची आडवी रेघ ओढली. यंत्राची परवानगी उघडली. चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. शर्वरीने बापाकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, आणि ‘उजवीकडे’वर अंगठा इतक्या जोराने दाबला की टॅबच्या काचेला तडा गेला.